घोड्याची पेटी

सत्तावन साली मी एकोणतीस वर्षांचा होतो. वय नक्की सांगतो, कारण मतदारयादीत ते पस्तीस लिहिलं होतं आणि त्यावरून मी कारकुनाशी चावडीत भांडलो होतो. आप्पा बाजूला उभे होते. म्हणाले, "नामा, मत एकच हाय. पस्तीसच्या माणसाला काय दोन देत न्हाईत." मी गप्प बसलो. मला गप्प बसवणारी माणसं त्या मुलखात दोनच होती. एक माझी आई आणि दुसरे बसप्पा तेली. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं.

माझी शाळा तिसरीपर्यंत. निजामाच्या वेळची, त्यामुळं अर्धी उर्दूतच गेली. नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. मी म्हटलं, बिलकुल नाही. तो शहाण्यासारखं लिहील आणि त्यात आप्पा कुठं सापडणार नाहीत. वाकडं असू दे, माझं मी लिहितो.

आमचं गाव अणदूरहून आत, ओढ्याच्या पलीकडं. वरची आळी पाटलांची, खालची आमची, आणि दोन्हीच्या मधोमध आप्पांचा लाकडी घाणा. दोन्ही आळ्यांत कितीही वाकडं आलं तरी तेलाला सगळ्यांना तिथंच यावं लागायचं. आप्पा अंगानं किरकोळ, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि धोतराला करडईच्या तेलाचा असा वास की अंधारातही आप्पा आले हे कळावं. घरात कानडी बोलायचे, दारात मराठी, कचेरीत दख्खनी. बैलाशी मात्र फक्त कानडी. मी एकदा विचारलं, बैलाला मराठी कळत नाही का? तर म्हणाले, "कळतंय की. पर त्याला दिवसभर गोल फिरवायचं, मग बोलावं तरी त्याच्या आईच्या भाषेत."

ऐकताना डोळे मिटून घ्यायची त्यांना सवय होती. नवख्या माणसाला वाटायचं, हे झोपले. बोलणारा थांबला की आप्पा डोळे उघडून दोन शब्दांत उत्तर द्यायचे आणि पुन्हा घाण्याकडं वळायचे. त्यांचं एक ठरलेलं म्हणणं होतं, "जीभ एकदाच उचलायची." म्हणजे एकदा बोलले की तेच पुन्हा बोलत नसत. तुळजापूरचा एक व्यापारी पेंड घ्यायला आला होता. आप्पा म्हणाले, सोमवारी देतो. तो उठता उठता म्हणाला, "आप्पा, सोमवारी नक्की ना?" आप्पांनी हात पुसले. म्हणाले, "आता देत न्हाय. मी एकदा बोललो ते तुला पटलं न्हाय, म्हणून तू पुन्हा विचारलंस. ज्याचं पटतंय त्याच्याकडून घे." व्यापारी हसला, मग गयावया करायला लागला. पेंड काही मिळाली नाही. ही गोष्ट गावात इतकी फिरली की लहान पोरंसुद्धा आप्पांना दुसऱ्यांदा काही विचारत नसत.

असा माणूस आमदारकीच्या निवडणुकीला उभा राहील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याला कारण ओढा होता.

आप्पांना एकच लेक, निली. बाळंतपणाला माहेरी आली होती. भादव्यात तिला दुखायला लागलं, सुईण म्हणाली आडवं आहे, नळदुर्गाच्या दवाखान्यात न्या. गाडी जुपून ओढ्यावर आणली तर पाणी दोन्ही काठ सोडून चाललेलं. गाडी मीच हाकत होतो. आम्ही काठावर पाणी उतरायची वाट बघत बसलो. पाणी उतरलं, तेव्हा गाडी पलीकडं न्यायचं काम उरलं नव्हतं. त्या दिवसापासून आप्पांची बायको, जिला आम्ही सगळे अव्वा म्हणायचो, उंबऱ्याबाहेर पडली नाही. कुणाच्या लग्नाला नाही, बारशाला नाही, देवाला नाही. पाणीसुद्धा आप्पाच भरायचे.

ओढ्यावर पूल पाहिजे म्हणून आप्पांनी आधी अर्ज केले. आम्ही निजामातून हैदराबादेत आलो, हैदराबादेतून मुंबई राज्यात गेलो, आणि प्रत्येक वेळी अर्ज नव्या कचेरीत नव्यानं द्यायचा. शेवटी आप्पा म्हणाले, पूल जिथं मंजूर होतो तिथंच जाऊन बसतो. आणि अपक्ष म्हणून उभे राहिले.

निशाणी घ्यायला मी सोबत होतो. आप्पा साहेबाला म्हणाले, मला घाणा द्या. साहेब म्हणाला, यादीत घाणा नाही.

"मग काय हाय?"

"छत्री गेली. घोडा आहे."

"घोड्यावर मी जल्मात बसलो न्हाय, साहेब."

"बसायचं नाही हो, पेटीवर चिकटवायचा आहे."

ज्यांनी पुढच्या निवडणुका बघितल्या त्यांना हे सांगावं लागेल. तेव्हा एका कागदावर सगळ्यांची चित्रं नसायची. जेवढे उमेदवार तेवढ्या लोखंडी पेट्या पडद्याआड मांडलेल्या, प्रत्येक पेटीवर ज्याच्या त्याच्या निशाणीचं चित्र. साहेबाकडून कोरा कागद घ्यायचा, पडद्याआड जायचं आणि पाहिजे त्या पेटीच्या फटीतून आत सरकवायचा. एवढंच काम. शिक्का नाही, फुली नाही.

घोडा मिळाला म्हटल्यावर गावात आनंद झाला. घोडा म्हणजे खंडोबाचा. देव वर्षातले दोनेक महिने नळदुर्गाला असतो, तो नुकताच अणदुरात परत आलेला आणि आमच्या आप्पाला घोडा मिळालेला, याला काय म्हणायचं? आप्पांना ते आवडलं नाही. म्हणाले, साहेबानं दिलाय, देवानं न्हाय. पोरांनी खरोखरचा घोडा आणून त्यावर बसवून मिरवणूक काढायची ठरवली तर आप्पा घाण्यातून उठलेच नाहीत. समोरचा उमेदवार मोठ्या घरचा, जीपगाडीतून फिरायचा. त्याची माणसं म्हणायची, घाण्याचा बैल फिरून फिरून आपल्या जागेवरच येतो, हा मुंबईला कसा पोचणार! आप्पांना ते कळलं तेव्हा ते पहिल्यांदा मनापासून हसले. म्हणाले, "बोललाय खरा. त्याला सांग, तेल तिथंच निघतंय."

भाषणं म्हणजे तर मजाच. माझ्या गाडीतून आम्ही तामलवाडीकडच्या गावांपर्यंत हिंडलो. माणसं जमायची, पान खाऊन बसायची, आणि आप्पा उभे राहून म्हणायचे, "मी बसप्पा. ओढ्यावर पूल पायजे. घोड्याची पेटी." आणि खाली बसायचे. लोक बघत राहायचे. कुणी म्हणालं पुन्हा सांगा, तर आप्पा माझ्याकडं बघायचे आणि मग मी सांगायचो. मी त्यांना म्हटलं होतं, आप्पा, निलीचं सांगा, बायामाणसं रडतील, मतं पडतील. आप्पांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मेलेल्या लेकीला मत मागायला लावू?" पुन्हा मी तो विषय काढला नाही.

मतदानाच्या आधी दोन्ही आळ्यांच्या घरकर्त्यांनी अणदूरला जाऊन खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली, की गावाचं एकूण एक मत घोड्याला. आमच्या आळीत आणि पाटलांच्या आळीत बांधावरून जुनं भांडण होतं, तरी सगळे एका ओळीत उभे राहिले. भंडारा उचलला म्हणजे आमच्याकडं बोलणं संपलं. तो मोडणाऱ्याशी कुणी सोयरीक करत नाही.

मतदान पुरुषांचं शाळेत आणि बायकांचं चावडीत. सकाळी बायका काही बाहेर पडेनात. लाजत होत्या. एवढ्यात आप्पांच्या घराचं दार उघडलं आणि अव्वा बाहेर आली. जुनं इरकली लुगडं, हातात ताट, ताटात भंडारा. निली गेल्यावर पहिल्यांदा. ती गल्लीच्या मधून सरळ चालत निघाली. मग एकेका दारातून एकेक बाई निघाली आणि तिच्या मागं लागली, वरच्या आळीची आणि खालच्या आळीची, म्हाताऱ्या आणि सुनासुद्धा. आप्पा दूर, मतदानाच्या हद्दीबाहेर कडुलिंबाखाली बसले होते. त्यांनी अव्वाला बघितलं, डोक्याचा रुमाल काढला, मांडीवर ठेवला आणि पुन्हा बांधला. मला वाटलं, पूल झालाच.

मोजणी धाराशिवला. सरकारी कागदात उस्मानाबाद, आमच्या तोंडात धाराशिवच. कचेरीच्या आवारात जत्रेसारखी गर्दी. जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांचे निकाल एका मोठ्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहीत होते. तुळजापूर, भूम, परांडा, कळंब, उमरगा. तेव्हा लातूर, औसासुद्धा आमच्याच जिल्ह्यात. एकेक नाव लिहिलं की कुठंतरी गुलाल उडायचा आणि कुठंतरी माणसं खाली बघायची.

आत एकेका गावाची पेटी उघडून मोजत होते. उमेदवाराबरोबर एक माणूस आत सोडायचे, म्हणून मी. बाहेरच्या गावांत आप्पांना बरी मतं होती, आम्हीसुद्धा चकित झालो. आमच्या गावची पुरुषांची पेटी निघाली, घोडा भरलेला. मग बायकांची. साहेबानं घोड्याची पेटी उघडली, उलटी केली. टेबलावर इतके थोडे कागद पडले की मी पेटीत हात घालून बघितला. साहेब रागावला नाही. त्यानं बाजूचं लाखेनं बंद केलेलं मोठं पाकीट काढलं आणि उघडून आप्पांसमोर धरलं. आत कागदांचा गठ्ठा होता, पिवळाधमक.

साहेब म्हणाला, "हे पेटीच्या बाहेर सापडले. पेटीवर नीट रचून ठेवलेले, वर दगड ठेवलेला."

आप्पांनी वास घेतला. "भंडारा हाय."

"मला दिसतंय, आप्पा. पण कायद्याला दिसत नाही. पेटीबाहेरचं मत कुणाचंच धरता येत नाही."

काय झालं ते आम्हा दोघांना तिथंच उमगलं. आमच्याकडं देवाला जे द्यायचं ते पुढं ठेवतात, पायरीवर, पायाशी. देवाच्या तोंडात कुणी काही कोंबत नाही. अव्वानं पडद्याआड जाऊन घोड्याला भंडारा लावला, कागद वर ठेवला, हात जोडले. बाहेर येऊन मागच्या बाईच्या कानात सांगितलं असं असं करायचं. तिनं तिच्या मागचीला. बायकांचा पडदा म्हणून तिथला साहेब संध्याकाळपर्यंत आत डोकावला नव्हता. जिनं तिनं आपलं मत मनोभावे वाहिलं होतं.

त्या पाकिटातले कागद पेटीत असते तर आप्पा निवडून आले असते. किती मतांनी पडले तो आकडा मला अजून पाठ आहे. तो मी कुणाला सांगितला नाही आणि इथंही लिहिणार नाही. आप्पा साहेबाशी भांडले नाहीत. "बरोबर हाय, साहेब," म्हणाले आणि बाहेर आले. फळ्यावर त्यांचं नाव दोन नंबरला लिहिलं होतं. भूमकडचा एक माणूस फळा वाचत उभा होता, त्यानं आप्पांनाच विचारलं, "ह्ये बसप्पा कोण म्हनायचे?" आप्पा म्हणाले, "हाय कुणीतरी तेली."

एसटीनं अणदूरला उतरलो आणि गावच्या वाटेला लागलो. मी म्हटलं, गावात जाऊन पहिल्यांदा पाकिटाचं सांगतो. आप्पा ओढ्याच्या पात्रात थांबले. तेव्हा ओढा कोरडा होता.

"नामा, ह्ये तोंडातनं काढायचं न्हाय."

"का पण?"

"ती निलीच्या मागं पयल्यांदा भायेर आली. तिला काय सांगू, तुझ्याच हातानं पूल गेला म्हणून? ती परत उंबऱ्याआत जाईल ती मेल्यावरच निघंल."

मी कबूल केलं. आप्पांनी पुन्हा विचारलं नाही.

पण गावाला कळलंच. पाकिटाचं नाही, समोरच्या उमेदवाराच्या माणसांनी एवढंच पसरवलं की आप्पाला त्याच्या गावानंच पाडला. गावच्या बायकांची पेटी हलकी निघाली. म्हणजे भंडारा मोडला कुणीतरी. बायका शपथा घेऊन सांगायच्या, घोड्यालाच दिलं. मग खोटं कोण बोलतंय? पाटलांच्या आळीनं ठरवलं, खालच्या आळीच्या बायकांनी दगा केला. बांधाचं जुनं भांडण होतंच. आमच्या आळीला चावडीत बसणं बंद झालं. माझ्या चुलतभावाची पोर कमळ, तिचं लग्न गुढीपाडव्यानंतर ठरलेलं. पाव्हण्यांनी निरोप धाडला की भंडारा मोडणाऱ्या घरची पोर आम्हाला नको. कमळ विहिरीच्या काठावर जाऊन बसली होती, तिला दोघांनी धरून आणलं.

हे मी घाण्यावर जाऊन आप्पांना सांगितलं. म्हटलं, आता तरी बोलू द्या. आप्पांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. बैल थांबवला, त्याच्या डोळ्यांची झापडं काढली, त्याला गव्हाणीला बांधलं आणि पाराकडं चालायला लागले. मी मागं.

पारावर पाटील आणि दोन्ही आळ्यांची माणसं होती. बायका लांब उभ्या होत्या, त्यात अव्वा होती. मतदानाच्या दिवसापासून ती बाहेर यायला लागली होती. भाषणाला उभे राहायचे तसेच आप्पा उभे राहिले.

"भंडारा कुणी मोडला न्हाय. म्या मोडला. समोरच्याशी बोलणं केलं आणि आपली मतं तिकडं फिरवली. कुणाकडनं फिरवली ते इचारू नका. पोरीचं लगीन करा."

कुणी विचारलं नाही. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर गावानं खोदून खोदून विचारलं असतं, त्यातलं खोटं बाहेर काढलं असतं. पण आप्पा बोलले होते आणि आप्पा एकदाच बोलतात. जन्मभराचा सगळा खरेपणा त्या माणसानं त्या एका खोट्यापायी संपवला. पाटील उठून पचकन थुंकले. मी अव्वाकडं बघितलं. ती आप्पांकडं अशी बघत होती की मला खाली बघावं लागलं. लेकीचा पूल यानं विकला, एवढंच तिला कळलं होतं.

कमळचं लग्न झालं, ठरल्या मुहूर्तावर. आप्पांना बोलावणं नव्हतं.

पुढची पाच वर्षं मी एकटाच घाण्यावर जायचो. गाव अणदूरहून तेल आणायला लागलं. पोरं दारावरून जाताना घोड्यासारखं खिंकाळायची. आप्पांनी एक बैल विकला, मग दुसरा, आणि घाणा बंद पडला. अव्वा बाहेर जायची, पाणी भरायची, चार बायकांत बसायची. घरात आप्पांचं ताट वाढून ठेवायची. पण त्यांच्याशी एक शब्द बोलायची नाही. मी एकदा चिडून म्हटलं, आप्पा, ही काय जिंदगी झाली? ते म्हणाले, "ती हिंडती फिरती का न्हाय? झालं मग."

बासष्ट साल आलं. आता महाराष्ट्र झाला होता आणि मतदानाची तऱ्हा बदलली होती. एकाच कागदावर सगळी चित्रं, त्यावर शिक्का मारायचा आणि घडी करून एकाच पेटीत टाकायची. आप्पा उभे नव्हते, पण मतदान आठवड्यावर आलं तसं त्यांनी तेलाचा एक रिकामा डबा घेतला, छिन्नीनं त्याला वरून फट पाडली आणि बंद घाण्यासमोर मांडून बसले. जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येक बाईला बोलवायचे, हातात लिंबाचं पान द्यायचे. "टाक. आत. वर न्हाय, आत." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पुरुष म्हणायचे, विकला गेलेला आता पंतोजी झालाय. माणूस एक गोष्ट एकदाच सांगणारा, पण ते "आत" त्यांनी त्या आठवड्यात किती वेळा म्हटलं असेल! अव्वा दारातून बघत होती. तिला काही कळत नव्हतं की हा माणूस आत, आत का करतोय.

मतदानाच्या दिवशी आप्पा त्याच लिंबाखाली बसले, मी जवळ. दुसरं कुणी त्यांच्याजवळ बसत नसे. बायकांची रांग चावडीत. थोड्या वेळानं अव्वा बाहेर आली आणि घराकडं न जाता सरळ आमच्याकडं आली. सगळ्या गावासमोर नवऱ्याच्या शेजारी मातीत बसली. आमच्याकडं असं कुणी बसत नाही. तिच्या पुढच्या म्हातारीनं कागद पेटीवर ठेवला होता आणि तिथला साहेब म्हणाला होता, आजी, आत टाका, वर ठेवलेलं मोजत नाहीत.

"मागल्या बारीला आमी वर ठिवलं व्हतं," अव्वा म्हणाली.

आप्पांनी डोळे मिटले.

"मोजलं न्हाय नव्हं ते?"

"न्हाय."

"आन् तुमी इकलं म्हनालात."

"म्हनालो."

अव्वानं चावडीपुढच्या बायकांकडं बघितलं. मग म्हणाली, "आता म्या सांगनार, गावाला."

"मी हाय तवर न्हाय," आप्पा म्हणाले. "बोललेलं माघारी घेत न्हाय मी. तुला ठावं हाय."

अव्वानं पदरानं डोळे पुसले. उठली. चार पावलं गेली आणि मागं वळून म्हणाली, "चला. च्या टाकते." आप्पा उठले आणि तिच्या मागं मागं गेले, लहान पोरासारखे.

त्यानंतर त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. मृग लागला आणि एका पहाटे आप्पा अंथरुणातच गेले. आजार नाही, काही नाही. आमच्याकडच्या लिंगायतांत माणूस झोपवून नेत नाहीत. त्याला आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात आणि तसंच बसलेलं पालखीसारख्या विमानातून नेतात. विधी करणारे जंगम आले. मी होतो, आप्पांचे दोन भाऊबंद होते. रीत म्हणून काही बायका आल्या आणि लांब उभ्या राहिल्या. विमान उचलायलाच माणसं पुरत नव्हती.

अव्वा दारात आली. रडत नव्हती. त्या बायकांना म्हणाली, "आता म्या बोलते. ह्यो मानूस इकला गेला न्हाय. मागल्या बारीला आपन कागुद पेटीवर ठिवला. आत टाकायचा व्हता. म्याच तुमाला दावलं. माझं नाव येऊ नये म्हणून ह्यानं तोंड काळं करून घेतलं."

मग पाटलांच्या आळीतली एक थोरली बाई मटकन खाली बसली. म्हणाली, "वारं सुटलं व्हतं. उडून जातील म्हणून वर दगड म्या ठिवला."

बायका गेल्या आपापल्या घरी. आम्ही विमानाला आडवे बांबू बांधत होतो तोवर गल्ली भरली. दोन्ही आळ्या. जे पाच वर्षं त्या दारासमोरून तोंड फिरवून जात होते ते सगळे. कमळचा बाप होता. पाटील टोपी काढून आले आणि मला म्हणाले, "नामा, जरा मला खांदा दे." मी म्हणालो, "मागं जागा हाय." पुढचा बांबू मी ओढ्यापर्यंत सोडला नाही. खांद्याचं कातडं निघालं, तरी नाही.

ओढ्यात उतरताना विमान तिरकं झालं आणि मी मान वळवून वर बघितलं. आप्पा बसलेले, डोळे मिटलेले, कपाळावर ताजी विभूती, गळ्यात झेंडूची माळ. कुणाचं तरी लांबलेलं बोलणं ऐकत बसल्यासारखे. खाली सगळं गाव चालत होतं. उभे राहिले होते तेव्हा मिरवणूक काढू दिली नव्हती त्या माणसानं. ती आता निघाली होती, आणि पुलाच्या जागेवरूनच चालली होती. त्यांना मी शेवटचं बघितलं ते असं. पुढं तिथं पूल झाला, लई वर्षांनी. त्याच्या दगडावर कुणाचं तरी नाव कोरलंय. मी ते वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीत पेरणीजोगा वाफसा होता. चावडीतून माणूस बोलवायला आला. आप्पांच्या नावानं काय करायचं ते ठरवायला सगळे बसलेत, नामदेवाला या म्हणाव. मी म्हटलं, सांग त्यांना, बैल जुपलेत. माझं रान तसंच ठेवलं आणि पेरणीची पाभर घेऊन आप्पांच्या रानाच्या तुकड्यात गेलो. अव्वा आधीच बांधावर येऊन उभी होती, ओटीत बाजरीचं बी घेऊन. मी बैल हाकले. ती पाभरीच्या चाड्यावर मूठ धरून, बी सोडत मागं चालायला लागली. पेरणीची ओळ संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही. बी आत पडतंय का, तेवढंच बघत होती.